गुलामी आणि वेठबिगारीवर आंतरराष्ट्रीय कायद्याने खरंच बंदी आहे का?

पाऊलवाट
"गुलामी जगभर बेकायदा आहे, आंतरराष्ट्रीय कायद्याने तो विषय केव्हाच निकालात काढलाय" हे वाक्य चर्चेत इतक्या सहज टाकलं जातं की पुढे कोणी काही विचारतच नाही. मला ते अर्धंच खरं वाटतं, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलावं म्हणून हा धागा काढतेय.

करारांचा मजकूर काढून वाचला की पहिला धक्का तिथेच बसतो. राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेने, १९२६ साली गुलामीविरोधी करार केला. त्यातली गुलामीची व्याख्या आजही वापरतात, म्हणजे एखाद्या माणसावर मालकी हक्कातून येणारे सगळे किंवा त्यातले काही अधिकार गाजवले जात असतील तर ती गुलामी. व्याख्या चांगलीच आहे. पण गुलामी संपवायची कशी, तर "क्रमाक्रमाने आणि शक्य तितक्या लवकर". आणि वेठबिगारीचं काय? ती सार्वजनिक कामांसाठी चालेल, फक्त तिची गुलामी होणार नाही एवढं बघा. सह्या करणाऱ्यांत वसाहती बाळगणारे देश होते, त्यांचे रस्ते नि रेल्वे कोणाच्या घामावर उभे राहत होते ते सांगायला नकोच.

मग १९३० साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, म्हणजे आयएलओचा २९ क्रमांकाचा करार आला. त्यात वेठबिगारीची व्याख्या झाली, शिक्षेच्या धाकाखाली करून घेतलेलं आणि माणूस आपखुशीने पुढे आलेला नाही असं कुठलंही काम. पण ती बंद कधी करायची तर "शक्य तितक्या कमी काळात", आणि तोवर ती कशी चालवायची याचे नियम त्याच करारात दिलेत! धडधाकट पुरुषच न्यायचे, वय दिसायला १८ ते ४५, एका माणसाला वर्षात ६० दिवसांपेक्षा जास्त राबवायचं नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. ही कलमं व्यवहारात फार आधीच बाद झाली होती हे मान्य, पण मजकुरातून ती अधिकृतपणे काढायला २०१४ चा प्रोटोकॉल, म्हणजे मूळ कराराला जोडलेला पूरक करार, यावा लागला.

आता संयुक्त राष्ट्रांचा १९६६ चा नागरी आणि राजकीय हक्कांचा करार घ्या. कलम ८ मध्ये गुलामी, दास्य (म्हणजे मालकी नसली तरी माणसाला बांधून ठेवून राबवणं) आणि वेठबिगारी तिन्ही आहेत. पण आणीबाणीत सरकारला कुठले हक्क स्थगित करता येणार नाहीत याची जी यादी कलम ४ मध्ये आहे तिथे फक्त गुलामी आणि दास्य येतं, वेठबिगारी नाही. युरोपच्या मानवी हक्क करारातही नेमकं तेच. म्हणजे गुलामीची बंदी दगडासारखी आणि वेठबिगारीची सरकारला गरज पडली तर बाजूला सरकवता येईल अशी. या दोन वेगळ्या ताकदीच्या बंद्या आहेत आणि आपण त्या एका दमात उच्चारतो, माझा मुद्दा एवढाच आहे. तुम्हाला काय वाटतं?

तळटीप
ताई, मजकूर बरोबर दिलाय पण निष्कर्ष घाईचा वाटतो.

गुलामीबद्दल शंकेला जागाच नाही. बार्सिलोना ट्रॅक्शन खटल्यात १९७० साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की काही कर्तव्यं सगळ्या जगाप्रती असतात, आणि त्याच्या उदाहरणांत गुलामीपासून संरक्षणाचं नाव घेतलं. संयुक्त राष्ट्रांच्या विधी आयोगाने २०२२ साली जस कोजेन्स नियमांची, म्हणजे कुठल्याही दोन देशांनी आपसात करार करून मोडता येणार नाहीत अशा नियमांची यादी दिली, त्यात गुलामीबंदी आहे. उद्या दोन देशांनी माणसं विकायचा करार केला तर तो जन्मतःच रद्द. यापेक्षा कडक बंदी कुठल्या कायद्यात असते?

आणि आणीबाणीची सवलत म्हणजे मोकळं रान नव्हे. राष्ट्राच्या अस्तित्वालाच धोका असला पाहिजे, रीतसर जाहीर केलं पाहिजे, गरजेपुरतंच केलं पाहिजे, वंश किंवा धर्म बघून भेदभाव करता येत नाही. वेठबिगारी यादीत नाही याचं साधं कारण असंही आहे की पूर आला, भूकंप झाला तर लोकांना कामाला बोलवावं लागतं.

शिवाय वेठबिगारीची बंदी दुबळी म्हणताना म्यानमारचं प्रकरण विसरू नका. तिथलं लष्कर गावकऱ्यांना हमाल म्हणून, रस्तेबांधणीसाठी जबरदस्तीने नेत होतं, त्यावर आयएलओने चौकशी आयोग नेमला आणि १९९८ च्या अहवालात त्या आयोगाने स्पष्ट लिहिलं की वेठबिगारीची बंदीही आता त्याच सर्वोच्च दर्जाची झालीय.

पाऊलवाट
म्यानमारचा मुद्दा मान्य, तो अहवाल महत्त्वाचाच आहे. पण तुम्हीच दिलेली २०२२ ची यादी बघा ना. १९९८ ला एक आयोग म्हणतो वेठबिगारी सर्वोच्च दर्जाची, २४ वर्षांनी विधी आयोग यादी करतो त्यात गुलामी येते आणि वेठबिगारी येत नाही. यादी पूर्ण नाही असं त्यांनी लिहून ठेवलंय, ठीक आहे, पण जे निर्विवाद होतं ते त्यांनी घेतलं आणि हे घेतलं नाही.

पूर-भूकंपाचं मात्र पटत नाही, कारण ती सोय कलम ८ मध्ये आधीच आहे! आपत्तीतलं काम वेठबिगारी धरलं जाणार नाही असं तिथेच लिहिलंय, लष्करी सेवा, नेहमीची नागरी कर्तव्यं, कोर्टाच्या आदेशाने तुरुंगात करावं लागणारं काम हेही वगळलंय. एवढं सगळं वगळून झाल्यावर जे उरतं ती निव्वळ वेठबिगारीच ना? मग तीसुद्धा स्थगित करायची मुभा कशाला ठेवलीय?

मध्यान्ह
दोघांचं वाचलं. तुम्ही बंदी कशावर आहे यावर भांडताय, मला वाटतं बंदी कोणावर आहे ते आधी बघायला पाहिजे.

आयएलओ आणि इतर संस्थांनी मिळून २०२२ साली अंदाज काढला, २०२१ मध्ये जगात २ कोटी ७६ लाख लोक वेठबिगारीत होते. सक्तीच्या लग्नात अडकलेले २ कोटी २० लाख वेगळे. या २ कोटी ७६ लाखांपैकी सरकारांनी राबवलेले ३९ लाख. बाकी सगळे खाजगी, शेतमालक, कारखानदार, ठेकेदार, दलाल, घरमालक आणि देहविक्रयाचा धंदा चालवणारे. आता करारावर सही कोणाची असते? सरकारची. ज्याने कामगाराचा पासपोर्ट कपाटात कुलूप लावून ठेवलाय त्याच्यावर आंतरराष्ट्रीय कायदा थेट काय करतो? लोकांवर फार मोठ्या प्रमाणावर किंवा ठरवून केलेल्या हल्ल्याचा भाग असेल तर रोम कराराखाली, म्हणजे आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी न्यायालयाच्या कराराखाली, मानवतेविरुद्धचा गुन्हा होतो. एकट्यादुकट्या मालकाचं काहीच होत नाही. त्याला पकडायचं तर त्या देशाचाच कायदा लागतो, आणि तो नसेल किंवा कागदावरच असेल तर आंतरराष्ट्रीय बंदी हवेत राहते.

आयएलओनेच २०२४ मध्ये काढलेला आकडा आहे, वेठबिगारीतून वर्षाला २३६ अब्ज डॉलरचा बेकायदा नफा होतो. एवढा पैसा एका बाजूला असताना दुसऱ्या बाजूला नुसती कलमं.

तळटीप
मध्यान्ह, हवेत राहत नाही. गेल्या वीस वर्षांत कायदा नेमका इथेच पुढे सरकलाय. देशाने स्वतः राबवलं नाही एवढं पुरत नाही, दुसऱ्या कोणी राबवू नये म्हणून फौजदारी कायदा करणं, तपास करणं, शिक्षा करणं हीही देशाचीच जबाबदारी आहे असं न्यायालयं सांगताहेत.

२००५ चा सिलियादिन विरुद्ध फ्रान्स हा खटला बघा. टोगोहून आलेली मुलगी, वय पंधराच्या आसपास, शिकवू म्हणून आणली आणि एका घरात वर्षानुवर्षं बिनपगारी राबवली, दिवसाला पंधरा तास, आठवड्याचे सातही दिवस. झोपायला मुलांच्या खोलीत जमिनीवर गादी. कागदपत्रं नाहीत म्हणून पोलिसांची भीती दाखवलेली. फ्रान्समध्ये गुलामी १८४८ सालीच संपली होती, पण या कृत्याला फौजदारी कायद्यात नीट गुन्हाच नव्हता, त्यामुळे मालक शिक्षेविना सुटले. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने फ्रान्सला दोषी धरलं, मालकाला नाही, देशाला. पुढे २०१३ मध्ये फ्रान्सने कायदा बदलला.

रानवाट
सिलियादिनचा निकाल मलाही महत्त्वाचा वाटतो पण त्यातली एक गोष्ट खटकते. न्यायालय म्हणालं हे दास्य आहे, वेठबिगारी आहे, पण गुलामी नाही, कारण त्या जोडप्याकडे तिच्यावर खराखुरा कायदेशीर मालकी हक्क नव्हता. अहो पण गुलामी सगळीकडे रद्द झाल्यावर कायदेशीर मालकी कोणाकडे असणार? असा अर्थ लावला तर जगात आज एकही गुलाम नाही असंच म्हणावं लागेल! ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने २००८ मध्ये टँग प्रकरणात हे बरोबर धरलं. कर्जाच्या नावाखाली वेश्यागृहात ठेवलेल्या थाई बायकांची केस होती. कोर्ट म्हणालं मालकी कायद्याची नसली तरी चालेल, मालक जसा वस्तूवर ताबा ठेवतो तसा प्रत्यक्षात ठेवला होता का ते बघा. सन २०१६ च्या ब्राझीलच्या निकालात आंतर-अमेरिकी न्यायालयानेही तीच वाट धरली. तिथे एका गुरांच्या फार्मवरून २००० साली ८५ कामगार सोडवले होते आणि खटले मुदत संपली म्हणून बारगळले होते, त्यावर न्यायालय म्हणालं गुलामीच्या गुन्ह्याला मुदत लागू होत नाही.

आणि नायजरचं प्रकरण कोणी काढलं नाही म्हणून मी काढते, कारण "देशात कायदा असला की झालं" या समजुतीचं त्याने पार काय केलंय ते बघा. हादिजातू मनी. बारा वर्षांची असताना विकली गेली, वहिया नावाची प्रथा आहे, चार बायकांच्या वर एक मुलगी आणायची जी बायकोही नाही आणि माणूसही नाही, शेतात राबायचं, घरात राबायचं आणि मालक म्हणेल तेव्हा त्याच्याकडे जायचं. नायजरने २००३ मध्ये गुलामी हा गुन्हा ठरवला. त्यानंतर २००५ साली मालकाने तिला मुक्ततेचा दाखला दिला, म्हणजे कागदावर लिहून दिलं की ही आजपासून गुलाम नाही, आणि लगेच म्हणाला की आता तू माझी बायको आहेस, जाऊ शकत नाहीस. ती गेली, दुसऱ्याशी लग्न केलं. तर त्याने फिर्याद केली आणि कोर्टाने तिलाच एकाच वेळी दोन नवरे केल्याबद्दल सहा महिन्यांची कैद सुनावली! गुलामी गुन्हा असलेल्या देशात तुरुंगात गेली ती गुलाम. पुढे पश्चिम आफ्रिकी देशांच्या, म्हणजे इकोवासच्या न्यायालयाने २००८ मध्ये नायजरला जबाबदार धरलं, १ कोटी सीएफए फ्रँक भरपाई द्यायला लावली.

मध्यान्ह
रानवाट, यातून तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. कायदा होता, करार होते, आणि तरी ती आत गेली.

तळटीप
आणि माझंही, कारण शेवटी तिला न्याय त्या करारांमुळेच मिळाला. देशातल्या कोर्टाने जे केलं ते उलटवायला दुसरं काही नव्हतं.

अनामिक_वाचक
मला कायद्यातलं फार कळत नाही, पण एक विचारायचंय. माणूस स्वतःहून कामाला गेला, त्याला माहिती होतं मजुरी कमी आहे, तरी पोटासाठी गेला, तर ती वेठबिगारी कशी? व्याख्येत तर आपखुशीने असं आहे ना. अशाने गरिबीतलं प्रत्येक काम वेठबिगारी होईल.

पाऊलवाट
दादा, सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे आणि न्यायालयांनीही त्याला सावकाश हात घातला.

ग्रीसमध्ये मानोलादा म्हणून गाव आहे, तिथल्या स्ट्रॉबेरीच्या शेतांवर बांगलादेशी मजूर होते. सात तासांचे २२ युरो आणि वरच्या प्रत्येक तासाचे ३ युरो असं ठरलं होतं. प्रत्यक्षात सकाळी सात ते संध्याकाळी सात, हत्यारबंद पहारेकऱ्यांच्या नजरेखाली, राहायला प्लास्टिक नि बांबूच्या खोपी, संडास नाही, पाण्याचा नळ नाही. महिनोन् महिने पैसेच नाहीत. मागायला गेले की सांगायचे, काम चालू ठेवलं तरच पैसे मिळतील. म्हणजे निघून गेलं तर आधीचेही बुडाले. एप्रिल २०१३ मध्ये शंभर-दीडशे जण मजुरी मागायला जमले तेव्हा पहारेकऱ्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, बरेच जण गंभीर जखमी झाले. ग्रीसच्या कोर्टाने मानवी तस्करीच्या आरोपातून सगळ्यांना सोडलं, कारण मजुरांना अटी माहीत होत्या आणि ते कधीही निघून जाऊ शकत होते. दादा, तुमचा युक्तिवाद जवळपास हाच आहे.

युरोपच्या न्यायालयाने २०१७ मध्ये तो फेटाळला. कामाला सुरुवात करताना होकार दिला होता एवढ्यावर विषय संपत नाही, मालक माणसाच्या असहायपणाचा फायदा घेऊन पिळत असेल तर ते काम आपखुशीचं धरता येणार नाही, असं त्यांनी म्हटलं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९८२ मध्येच, एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात, याहून पुढचं पाऊल टाकलं होतं. किमान वेतनापेक्षा कमी पैशात कोणी राबत असेल तर ती राज्यघटनेच्या कलम २३ खालची वेठबिगारीच, कारण भुकेची सक्ती हीसुद्धा सक्तीच असते. आंतरराष्ट्रीय कायदा अजून तिथवर आलेला नाही, आयएलओ नुसती आर्थिक गरज पुरेशी मानत नाही, मालकाने तिचा गैरफायदा घेतलेला असावा लागतो. मला १९८२ चा विचार जास्त खरा वाटतो.

अनामिक_वाचक
धन्यवाद ताई. "निघून गेलं तर आधीचेही बुडाले" हे वाचल्यावर कळलं. कुलूप लावायची गरजच पडत नाही मग.

दर्यावर्दी
समुद्राचं कोणीच बोललं नाही अजून म्हणून लिहितो, माझं निम्मं आयुष्य व्यापारी जहाजांवर गेलंय.

सागरी कायद्याचा १९८२ चा करार आहे, त्याच्या कलम ११० प्रमाणे खुल्या समुद्रात एखादं जहाज गुलामांच्या व्यापारात आहे असा सबळ संशय असेल तर कुठल्याही देशाची युद्धनौका त्यावर चढून तपासणी करू शकते. ऐकायला जबरदस्त वाटतं. पण हे गुलामांच्या व्यापारापुरतंच आहे, वेठबिगारीचा त्यात शब्द नाही. आता दूरच्या समुद्रातल्या मासेमारी नौकांवर काय चालतं? खलाशी दलालामार्फत भरती होतो, दलालाचं कमिशन कर्ज म्हणून त्याच्या अंगावर, पासपोर्ट कप्तानाकडे, पगार घरी गेला की नाही हे कळायला मार्ग नाही. नौका कित्येक महिने बंदरालाच लागत नाही कारण मासळी न्यायला आणि डिझेल द्यायला दुसरं जहाज समुद्रातच येतं. पळणार कुठे, चहूबाजूंनी पाणी. त्या माणसाला कोणी विकत घेतलेलं नाही म्हणून गुलामांचा व्यापार म्हणता येत नाही, म्हणून शेजारून जाणाऱ्या परक्या नौदलाला चढायचा हक्क नाही. हक्क फक्त ज्या देशाचा झेंडा लावलाय त्याचा. आणि झेंडा असतो अशा देशाचा ज्याने ती नौका कधी बघितलेलीही नसते, नोंदणीची फी घेतली की संपलं. पाऊलवाट यांनी दोन वेगळ्या ताकदीच्या बंद्या म्हटलंय ते समुद्रावर मला रोज दिसायचं.

तळटीप
दर्यावर्दी, हा मुद्दा मी खोडू शकत नाही. काही अभ्यासक कलम ११० मधल्या गुलामांच्या व्यापाराचा अर्थ व्यापक करावा म्हणतात पण देश प्रत्यक्षात तसं वागत नाहीत. आयएलओचा मासेमारीवरचा १८८ क्रमांकाचा करार २००७ चा, त्यात बंदरात तपासणीची सोय आहे पण ती नौका बंदरात आली तर.

मध्यान्ह
तुरुंगातल्या कामाचंही बोला. २९ क्रमांकाच्या करारात कोर्टाने शिक्षा दिलेल्या कैद्याचं काम वगळलंय, मात्र दोन अटी, सरकारी देखरेख हवी आणि कैदी खाजगी माणसाच्या किंवा कंपनीच्या ताब्यात देता कामा नये. अमेरिकेने हा करार आजतागायत मंजूर केलेला नाही, आणि त्यांच्या राज्यघटनेच्या १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीत गुलामीबंदीलाच अपवाद आहे, गुन्ह्याची शिक्षा म्हणून चालेल. यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या राज्यांनी किरकोळ गुन्ह्यांत काळ्या लोकांना पकडून खाणींना आणि मळ्यांना भाड्याने दिलं ते याच फटीतून. लष्करी सेवेच्या अपवादाचंही तसंच. इरिट्रियात राष्ट्रीय सेवेला शेवटच नाही, माणसं वर्षानुवर्षं बांधकामावर आणि शेतांवर राबवली जातात, संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१६ मध्ये त्याला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटलं. निव्वळ लष्करी स्वरूपाचं काम असेल तरच अपवाद असं करारात स्वच्छ लिहिलंय, पण तपासायला आत जाणार कोण?

रानवाट
इरिट्रियावरून आठवलं, तिथल्या खाणीवरच्या कामगारांनी कॅनडातल्या मूळ कंपनीवर कॅनडातच दावा लावला आणि २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो चालवायला परवानगी दिली. गुलामी आणि वेठबिगारीवरची प्रथागत (म्हणजे करारातून नव्हे तर देशांच्या रूढ वागण्यातून आलेली) आंतरराष्ट्रीय बंदी खाजगी कंपनीला लागू होऊ शकते असं बहुमताने म्हटलं. पुढे तडजोड झाली त्यामुळे अंतिम निकाल आला नाही, पण मध्यान्ह यांच्या "कोणावर" या प्रश्नाला थोडं उत्तर यात आहे.

व्यापाराच्या बाजूनेही हालचाल आहे. अमेरिकेच्या १९३० च्या आयात कायद्यात वेठबिगारीने बनवलेला माल आणायला बंदी होती, पण देशात तो माल पुरेसा बनत नसेल तर चालेल अशी पळवाट, ती २०१६ मध्ये बुजवली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये असाच नियम केला, लागू डिसेंबर २०२७ पासून. आणि उझबेकिस्तानचा कापूस बघा, सरकार दरवर्षी शिक्षक, नर्स, विद्यार्थी सगळ्यांना कापूस वेचायला शेतात पाठवायचं, पूर्वी शाळकरी मुलंसुद्धा. तीनशेहून जास्त ब्रँडनी तो कापूस नाकारला, आयएलओ आत जाऊन देखरेख करायला लागली, सरकार बदललं, आणि २०२१ च्या हंगामात ती पद्धतशीर सक्ती संपल्याचं आयएलओने सांगितलं. तेव्हा कायदा नुसताच कागद आहे असं मी म्हणणार नाही.

पाऊलवाट
मीही म्हणत नाही. कागद नाहीये, अपुरा आहे. २०१४ च्या प्रोटोकॉलने बळी पडलेल्याला भरपाई आणि दाद मागायचा मार्ग देणं देशांवर बंधनकारक केलं, तो २०१६ मध्ये अंमलात आला, पण तो मंजूर करणारे देश मूळ कराराच्या तुलनेत फारच थोडे आहेत. तिथे जोर लावायला पाहिजे.

अनामिक_वाचक
शेवटचं विचारतो. आज कोणी असा अडकलाय आणि त्याच्या देशातल्या कोर्टाने त्याला हाकललं, तर तो माणूस नेमका कुठे जाऊ शकतो?

तळटीप
देशावर अवलंबून आहे. युरोपात असेल तर स्ट्रासबर्गचं युरोपीय मानवी हक्क न्यायालय, देशातली सगळी कोर्टं झाल्यावर. अमेरिका खंडात आधी मानवी हक्क आयोग, मग न्यायालय. पश्चिम आफ्रिकेत इकोवासच्या न्यायालयात देशातली कोर्टं संपवायची अटच नाही, हादिजातू मनीला त्याचाच उपयोग झाला. आशियात असं प्रादेशिक न्यायालय नाही. देशाने नागरी हक्क कराराचा पहिला ऐच्छिक प्रोटोकॉल मान्य केला असेल तर जिनिव्हाच्या मानवी हक्क समितीकडे व्यक्तिगत तक्रार करता येते, भारताने तो मान्य केलेला नाही. आयएलओकडे एकट्या माणसाची तक्रार घेतली जात नाही, पण कामगार संघटनेला आयएलओच्या घटनेच्या कलम २४ खाली अर्ज करता येतो, आणि त्यासाठी संघटना त्याच देशातली असली पाहिजे असंही नाही. म्हणून अशा माणसाला मी आधी संघटना गाठायला सांगेन, आणि पगाराचा हिशोब, दलालाच्या पावत्या, फोनवरचे मेसेज जे हाताशी असेल ते जपून ठेवायला, कारण सक्ती होती हे पुढे सिद्ध करताना त्यावरच सगळं अडतं.